झाकण उघडणारा बाजार

नातीचे इंजिनीअरिंगचे दुसरे सत्र सुरू झाले आणि लॅपटॉपची मागणी पुढे आली. म्हणून तिला घेऊन बर्डीवर गेलो. दुकानदाराने एक देखणे, वहीइतके पातळ यंत्र पुढे सरकवले. मी जुन्या सवयीने विचारले, "यात पुढे रॅम वाढवता येईल ना?" तो हसला. "काका, रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली आहे. आज जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. अन् जास्त विचार करू नका, भाव रोज वाढून राहिले."

मला १९९८ साल आठवले. मुलगा बी.एस्सी.ला होता. पतपेढीचे कर्ज काढून चाळीसेक हजारांचा 'असेंबल्ड' संगणक घेतला. कंपनीचा घेणे झेपणारे नव्हतेच. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाही तर दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून आलेले. लुनावर आलेल्या एका पोराने आमच्या दिवाणावर ते मांडून दोन तासांत जोडले. पुढची आठ वर्षे रॅम बदलली, हार्डडिस्क बदलली, मॉनिटरही बदलला. वाडा तोच राहिला, बिऱ्हाडे बदलत गेली.

हा बाजार सरळ वाटेने आला नाही. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली, १९९१ नंतर ती आणखी उघडली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणकावरचे आयात शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आले. ग्राहकाला स्वस्ताई लाभली, पण देशी कारखान्याची सावली गेली.

नागपूरने या यंत्राला आपल्या अटी घातल्या. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात आमचा कूलर संगणकाकडे तोंड करून लावायचा नाही, असा घरात दंडकच होता. ओलाव्याने आतले भाग गंजतात. दुसरी अट यूपीएसची. कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या शहराच्या उशाशी, पण २००५ नंतरच्या भारनियमनात विदर्भातली गावे तासन् तास अंधारात. संगणकाच्या आधी यूपीएसचा भाव विचारणारी गिऱ्हाइके मी पाहिली आहेत.

बाजाराची दोरी मात्र दूर कुणाच्या हाती असते. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, कारखाने बुडाले आणि बर्डीवर हार्डडिस्क महागली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स ओढून घेतल्या आणि काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीवर गेले. सरकारनेही २०२३ मध्ये देशी उत्पादनासाठी १७ हजार कोटींची प्रोत्साहन योजना आणली आणि लॅपटॉप आयातीवर नजर ठेवणारी व्यवस्था सुरू केली. पण जुळणी इथे झाली तरी चिप बहुतेक बाहेरचीच.

खरी हानी मला वेगळीच वाटते. झाकण उघडता येत होते, तोवर दुरुस्ती करणाऱ्या पोरांचे पोट चालत होते आणि मध्यमवर्गीयाला हप्त्याहप्त्याने नवे होता येत होते. आता रॅम सोल्डर केलेली आणि बॅटरी चिकटवलेली असेल, तर एक भाग गेला की सगळे यंत्र भंगारात.

म्हणून लॅपटॉप घेताना रंगरूपाआधी तीन गोष्टी विचारा: रॅमची खाच मोकळी आहे का, बॅटरी बदलता येते का, आणि सेवा केंद्र शहरात आहे का. पक्के बिल घ्या.

आम्ही शेवटी दुसरा घेतला. थोडा जाड, मागे स्क्रू असलेला. नात तोंड वाकडे करून म्हणाली, "आजोबा, किती जाड आहे हा!"

मी म्हटले, "असू दे. चार वर्षांनी तूच उघडशील."

घरी आल्यावर तिने चार वर्षे वाट पाहिली नाही. माझा जुना स्क्रू-ड्रायव्हर कुठे आहे, ते संध्याकाळीच विचारले.