बदक लंगडतंय? आधी तळवा बघा



सकाळी खुराड्याचं दार उघडलं की बदकं कशी रांगेनं, एकमेकांना ढकलत पाण्याकडे पळतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या रांगेतलं एखादं मागे राहिलं, चार पावलं टाकून खाली बसलं, तर आपण काय म्हणतो? "पाय मुरगळला असेल, होईल बरा." मागच्या पावसाळ्यात मीही असंच म्हटलं. माझ्या लेकीनं त्या बदकाचं नाव राणी ठेवलं होतं. मी पायाला हळद-चुन्याचा लेप लावून फडकं बांधलं आणि लावणीच्या गडबडीत दहा दिवस ते सोडून बघितलंच नाही. सोडलं तेव्हा आत पू झाला होता आणि सूज घोट्यापर्यंत चढली होती. डॉक्टर आले, पण उशीर झाला होता. राणी गेली.

यंदा दुसऱ्या बदकाला तसंच झालं. या वेळी त्याच दिवशी तळवा बघितला आणि आठवड्यात ते पुन्हा रांगेत चालायला लागलं. औषधाचा खर्च फारसा नव्हता. फरक होता तो फक्त दिवसांचा. म्हणून हे लिहितेय.

पायाला एवढं का होतं?

बदकाचं अंग जड आणि पाय नाजूक. बोटांमधला पडदा आणि तळव्याची कातडी पाण्यासाठी बनलेली आहे, खरबरीत जमिनीसाठी नाही. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे, खडी, फुटकी कौलं, काचा, बाभळीचे काटे असतात. त्यावर चालून तळव्याला बारीकशी चीर पडते. खुराड्यात ओल आणि विष्ठा असली की त्या चिरेतून जंतू आत शिरतात. वरून खपली धरते, आत गळू वाढतं. याला डॉक्टर 'बंबलफूट' म्हणतात. तळव्याच्या मधोमध काळी, कडक टिकली आणि भोवती गरम सूज दिसली, तर समजा तेच आहे.

धरायचं कसं?

बदकाला पायाला किंवा एका पंखाला धरून कधी उचलू नका. पाय निखळतो किंवा मोडतो. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून धरा, एक हात पोटाखाली घ्या. जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं की ते शांत होतं. उताणं पाडून ठेवू नका, त्याचा श्वास कोंडतो. एकीनं धरायचं, दुसरीनं बघायचं. घरात कोणी नसेल तर शेजारणीला हाक मारा.

आता नीट बघा. काटा किंवा काच रुतलीय का? नायलॉनचा दोरा, जाळ्याचा तुकडा किंवा लांब केस पायाला गुंडाळलाय का? हे फार वेळा सुटून जातं. दोरा कातडीत रुतला की पुढचं बोट काळं पडतं. दोरा वरवर असेल तर छोट्या कात्रीनं जपून कापा. खोल रुतला असेल तर ओढू नका, डॉक्टरांकडेच न्या.

घरी काय करायचं?

हातात मोजे किंवा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घाला. पायातले जंतू आपल्या हाताच्या चिरेतूनही आत जाऊ शकतात.

1. एक लिटर कोमट पाण्यात दीड लहान चमचा मीठ टाका. पाणी आपल्या मनगटाला सोसेल एवढंच गरम हवं. त्यात दहा मिनिटं पाय बुडवून ठेवा. हे पाणी बदकाला पिऊ देऊ नका, जास्त मीठ त्याला बाधतं. प्यायला साधं पाणी बाजूला ठेवा.

2. मऊ, स्वच्छ कापडानं पाय टिपून कोरडा करा. बोटांच्या मधला पडदाही टिपा.

3. पोव्हिडोन आयोडीनचं औषध (आपण ज्याला बिटाडीन म्हणतो ते) पाण्यात मिसळा. रंग कोऱ्या फिक्या चहासारखा झाला पाहिजे. त्यानं जखम पुसा आणि वाळू द्या.

4. वर गॉजची घडी ठेवून पट्टी बांधा. पट्टी घट्ट नको. बोटं गार पडली किंवा सुजली तर लगेच सैल करा. पट्टी रोज बदला, भिजली तर तेव्हाच बदला. माझी राणी गेली ती याच चुकीनं.

हळद-चुना, तंबाखू, राख, रॉकेल यांतलं काहीही लावू नका. चुना आणि रॉकेलनं कातडी भाजते, लेपाखाली घाण कोंडते. तेलही नको. ते पिसांना लागलं की पिसांमधून पाणी आत शिरतं आणि बदक गारठतं. आणि ताईंनो, ब्लेडनं किंवा सुईनं गळू फोडायचं धाडस अजिबात करू नका. पक्ष्याच्या अंगातला पू आपल्यासारखा पातळ नसतो, घट्ट गोळ्यासारखा असतो. तो दाबून बाहेर येत नाही, उलट जंतू हाडापर्यंत जातात.

कुठे ठेवायचं?

चार-पाच दिवस तळ्यात, शेतातल्या चिखलात सोडू नका. पडवीत कोरड्या भाताच्या पेंढ्याचा चार बोटं जाड थर करून त्यावर ठेवा. ओला झालेला पेंढा रोज काढा. पण बदक एकटं पडलं की खाणं सोडतं, म्हणून मधे जाळी लावून बाकीच्यांच्या नजरेसमोर ठेवा. पाण्याचं भांडं एवढं खोल हवं की त्याची चोच आणि डोळे बुडतील. बदकाला नाक-डोळे धुवायला आणि खाणं गिळायला पाणी लागतंच.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

- तळव्यावर काळी टिकली आणि कडक सूज असेल
- पू किंवा दुर्गंधी येत असेल
- सूज घोट्याकडे चढत असेल
- पाय लोंबत असेल, टेकवताच येत नसेल
- दिवसभर काही खाल्लं नसेल
- दोन-तीन दिवस घरी करूनही फरक नसेल

यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. गावच्या पशुसखीला सांगा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्या, उरलेली अँटिबायोटिक मनानं देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर एक प्रश्न नक्की विचारा: "किती दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत?" ते सांगतील तेवढे दिवस पाळा. ती अंडी आपल्याच पोरांच्या ताटात जाणार असतात.

आणि एक. दोन-तीन बदकं एकदम लंगडायला लागली, पाय ओढायला लागली किंवा मान टाकायला लागली, तर ती जखम नाही. तो रोग किंवा विषबाधा असू शकते. आजारी बदकं वेगळी करा, बाकीच्यांना त्या पाण्यावर सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

खुराड्याच्या दाराशी उंच पायरी असेल तर फळी टाकून उतार करा. जड बदक रोज उडी मारतं आणि तळवा ठेचतो. तळाला तारेची जाळी नको. अंगणातल्या काचा, खिळे, दोरे उचला. नुसत्या कणीवर बदकं वाढवू नका, हिरवा पाला आणि ॲझोलाही द्या. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. अशा पिल्लांसाठी औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. बुरशी आलेली पेंड तर कधीच घालू नका, बदकाला ती फार लवकर बाधते.

आमच्या गटानं आता एक डबा केलाय: गॉज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, छोटी कात्री, मोजे. तो अध्यक्ष ताईंच्या घरी असतो. ज्या बाईला लागेल तिनं न्यायचा आणि संपलं ते भरून ठेवायचं. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.

पण त्याआधी, आज संध्याकाळी बदकं खुराड्यात घालताना एकेकाला उचलून तळवे बघा. दहा बदकांना दहा मिनिटं लागतील. एवढा वेळ मी राणीला दिला नव्हता.