मागचे लायनर आधी संपतात तेव्हा

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचं सोयाबीन केजला जावो, अंबाजोगाईला जावो की लातूरच्या आडतीवर, ते बहुतेक वेळा पिकअपमधूनच जातं. खताची पोती, दुधाचे कॅन, शेळ्या, लग्नघरचं सामान, उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या, या सगळ्यांचं वाहनही तेच. अशा गाड्यांच्या मालकांची एक ठरलेली तक्रार असते. पुढचे ब्रेक पॅड अजून बरे आहेत, पण मागचे लायनर गेल्याच वर्षी टाकले होते आणि पुन्हा संपले. यावर रूढ उपाय एकच, फिटरकडे गाडी लावायची आणि नवे लायनर चढवून घ्यायचे. माझ्या मते हा उपाय अर्धवट आहे आणि धोक्याचाही आहे. वेळेआधी झिजलेला मागचा लायनर बहुतेक वेळा गाडीतल्या दुसऱ्याच कुठल्यातरी दोषाकडे बोट दाखवत असतो. ते न पाहता नवा लायनर टाकला, तर पैसे जातात आणि मूळ दोष आणखी काही महिने झाकलेला राहतो.

मागचा ब्रेक आधी झिजला तर शंका का घ्यायची, हे समजायला ब्रेक लागताना काय घडतं ते पाहावं लागतं. सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक उचलू लागतं. पिकअपचंही तसंच होतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. मालासकट तीन टन वजनाची, दोन आसांत साधारण तीन मीटर अंतर असलेली गाडी जोरात थांबवली, तर ढोबळ हिशेबाने पाचशे किलोच्या आसपास भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकतो. ज्या चाकावर भार जास्त, तेच रस्त्याला घट्ट धरतं. म्हणून पुढे मोठे, लवकर थंड होणारे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम, अशी रचना आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये असते. जोरात थांबवताना पुढचे ब्रेक अर्ध्याहून बरंच जास्त काम करतात आणि ड्रममधले लायनर पुढच्या पॅडपेक्षा जास्त टिकावेत, अशी अपेक्षा असते. हा क्रम उलटला, तर कुणीतरी आपलं काम मागच्या चाकांवर ढकलतं आहे किंवा मागचा ब्रेक सुटायला हवा तेव्हा सुटत नाही.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. पिकअप ही मोटारकार नाही, तिचा सगळा माल मागच्या आसावर बसतो, मग मागचे ब्रेक जास्त झिजणारच. यात तथ्य आहे आणि गाडी बनवणाऱ्यांनी त्याचा विचारही केलेला असतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या आसावर जेमतेम सहा-सातशे किलो भार असतो, भरल्यावर तो दोन टनांच्या जवळ जातो. जोराच्या ब्रेकला पुढे सरकणारा भार वजा केला, तर भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांखाली रिकाम्या गाडीच्या जवळपास तिप्पट भार उरतो. दोन्ही वेळी मागे सारखाच दाब पाठवला, तर रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून फिरेल किंवा भरलेली गाडी वेळेत थांबणार नाही. म्हणून अनेक पिकअपमध्ये चासीवर एक झडप बसवलेली असते आणि तिची दांडी मागच्या आसाला जोडलेली असते. माल चढला की पाटे दबतात, आस आणि चासी जवळ येतात, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेककडे जास्त तेल-दाब जाऊ देते. गाडी रिकामी झाली की दाब कमी. गॅरेजमध्ये हिला लोड व्हॉल्व्ह म्हणतात. गाडी रोज भरून धावत असेल, तर मागची झीज काहीशी जास्त दिसणं स्वाभाविक आहे. पण पुढचे पॅड जवळपास नवे आणि मागचा लायनर रिव्हेटला टेकलेला, एवढी तफावत नुसत्या मालाने पडत नाही.

ही झडप फसते कशी, हे मालकांनी समजून घ्यावं, कारण तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. जुन्या गाडीचे पाटे बसले, म्हणजे कमान उतरली, की रिकामी गाडीही झडपेला भरलेली वाटते. मग रिकाम्या फेरीतही मागे पूर्ण दाब जातो, चाकं आवळली जातात आणि लायनर विनाकारण घासतो. दांडी वाकली, झडप गंजून उघडीच अडकली किंवा कुणी दांडी तारेने वर बांधून ठेवली, तरी परिणाम तोच. उलट गोष्टही घडते. जास्त माल नेता यावा म्हणून पाटे वाढवून घेतले, तर तीन टनांची गाडीही मागे दबत नाही आणि झडप तिला रिकामी समजते. अशा गाडीचे मागचे लायनर छान टिकतात, मालक खूश राहतो, पण सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो आणि थांबायचं अंतर वाढतं. म्हणजे मागची झीज कमी दिसणं हेही दर वेळी चांगलं लक्षण नसतं. पाट्यांना हात लावला की दांडीची मापंही पुन्हा लावून घ्यायला हवीत.

मग खूण वाचायची कशी? सगळ्यात बोलका पुरावा जुन्या लायनरमध्येच असतो, आणि तोच आपण भंगारात टाकतो. एका ड्रममध्ये लायनर बसवलेले दोन शू असतात. चाक फिरण्याच्या दिशेमुळे त्यातला एक शू ड्रमवर आपोआप जास्त आवळला जातो, त्यामुळे तो दुसऱ्यापेक्षा जास्त झिजणं नैसर्गिक आहे. डाव्या आणि उजव्या चाकाच्या झिजेत मोठा फरक पडणं मात्र नैसर्गिक नाही. एकच बाजू खाल्ली गेली असेल, तर दोष आधी त्याच चाकात शोधावा. व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो, शू मागे खेचणारी स्प्रिंग मेलेली असते, किंवा हँडब्रेकची त्या बाजूची वायर परत येत नसते. आपल्या काळ्या मातीचा चिखल वायरच्या आवरणात शिरून वाळला की वायर ओढली जाते, पण सुटत नाही. आसाचं ऑइल सील गळत असेल, तर लायनर तेलकट होऊन एक चाक कमी धरतं आणि दुसऱ्याला त्याचं काम करावं लागतं. अशा वेळी जास्त झिजलेली बाजू निर्दोष असते आणि दोषी बाजू धडधाकट दिसते. एकाच बाजूचा लायनर बदलून गाडी परत देणाऱ्या गॅरेजमध्ये हे सुटून जातं.

दोन्ही बाजू सारख्याच लवकर संपल्या असतील, तर तपास चाकांबाहेर न्यावा लागतो. हँडब्रेक फार आवळून ठेवला आहे का, झडप नीट चालते का, आणि मुख्य म्हणजे पुढचे ब्रेक खरोखर लागतात का? पुढच्या कॅलिपरच्या पिना सुकून अडकल्या की पॅड डिस्कला जेमतेम शिवतात. ते झिजत नाहीत म्हणून पुढचं सगळं ठीक आहे असं आपण समजतो. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात वाईट प्रकार आहे. अशी गाडी रोजच्या हळू चालवण्यात मागच्या ब्रेकवर निभावून जाते आणि रस्त्यावर अचानक जनावर किंवा लेकरू आडवं आल्यावरच तिचं खरं रूप कळतं. ब्रेकचं तेल वर्षानुवर्षं न बदलणंही यात भर घालतं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं तेल किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंश धरली जाते. तोच ओलावा सिलिंडर आतून गंजवतो.

मालाचा आणि उताराचा हिशेब वेगळा मांडायला हवा. केज-अंबाजोगाईचा भाग बालाघाटाच्या पठारावर आहे. बीडकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट लागतो, अंबाजोगाईहून परळीकडे जातानाही उतरावं लागतं. तीन टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकना सुमारे ४.२ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी. त्यातली काही हवा आणि टायर खातात, उरलेली इंजिनने घ्यायची की लायनरने, हे चालक गिअर निवडून ठरवतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली, तर इंजिन काहीच घेत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. यात डिझेलही वाचत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, पेडल खाली बसू लागतं आणि लायनरची पकडही घटते.

जास्त माल भरण्यामागे नाइलाज असतो हे नाकारता येत नाही. भाडं फेरीवर ठरतं आणि दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत गेला, तर त्या दिवसाचा हिशेब बरा दिसतो. पण एक टन जादा घेतलेली गाडी त्याच उतारावर एक तृतीयांश जास्त उष्णता निर्माण करते आणि ती जिरवणारे ड्रम तेवढेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला. दंड टळला, तरी लायनर, ड्रम आणि बेअरिंगचा खर्च टळत नाही. शिवाय दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं किंवा वऱ्हाडी अशाच गाड्यांच्या हौद्यात बसलेले आपण पाहतो. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा आहेच. ज्या हौद्यात धरायला काही नाही, तिथे मागचं एक चाक आवळून गाडी फिरली, तर काय होईल याचा विचार गाडी देणाऱ्याने आणि बसणाऱ्याने दोघांनीही करावा.

आणखी दोन आक्षेप उरतात. पहिला, लायनरच हलक्या दर्जाचा असतो. असतोही. पण चांगला लायनरही तितक्याच किलोमीटरमध्ये संपला, तर दर्जाचं कारण बाद होतं. तेव्हा ड्रमला रेघा पडल्या आहेत का, तो लंबगोल झाला आहे का, हे पाहावं. दुसरा, नव्या गाड्यांत मागची झीज मुद्दामच जास्त ठेवलेली असते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ब्रेकचं वाटप करणाऱ्या काही गाड्यांत हे खरं आहे. हलक्या ब्रेकला नाक खाली जाऊ नये म्हणून संगणक मागच्या चाकांना जास्त काम देतो, आणि मागे लहान डिस्क असलेल्या अशा गाड्यांत मागचे पॅड आधी संपू शकतात. पण तिथेही डावी-उजवी बाजू सारखीच झिजायला हवी. पासिंगच्या भरवशावर राहणंही बरोबर नाही. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीची तपासणी दोन वर्षांतून एकदा होते. त्या दिवशी गाडी थांबते की नाही एवढं तिथे कळतं, लायनर किती वेगाने झिजतो आहे हे कळत नाही.

म्हणून ड्रम उघडताना मालकाने तिथे उभं राहावं. निघालेले चारही शू डावे-उजवे वेगळे मांडायला सांगावेत, त्यांची जाडी मोजून किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहावी. ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू देऊ नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फिटरच्या फुप्फुसात जाते, ओल्या फडक्याने पुसून काढावी. नवे लायनर बसल्यावर मागची बाजू जॅकवर घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक ओढून सोडावा आणि दोन्ही चाकं हाताने फिरवावीत. ती सारखी मोकळी फिरायला हवीत. मग पुढची चाकं उचलून कुणाला तरी पेडल दाबायला सांगावं आणि पुढचे ब्रेक धरतात आणि सुटतात ना, तेही पाहावं. एवढ्याने दोष सापडला नाही, तर झडपेच्या दांडीचं माप कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून घ्यावं आणि मोजण्यासाठी हजार किलोमीटरनंतर ड्रम पुन्हा उघडावेत.