दोन दप्तरांचा मेळ : फाइल-समक्रमणाविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्या मुलखाचे सारे अर्थकारण उभे राहिले, त्या सोमेश्वरनगरच्या परिसरात एकच मजकूर दोन ठिकाणी नोंदलेला असणे आणि त्या दोन्ही नोंदी परस्परांशी तंतोतंत जुळणे ही निव्वळ कारकुनी टापटिपीची बाब नसून प्रत्यक्ष पोटापाण्याची बाब आहे. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते, तिची तारीख साखर कारखान्याच्या गट-कचेरीत नोंदली जाते, आणि दीड वर्षाच्या सुमारास ऊस पक्व झाला म्हणजे त्या नोंदींच्या क्रमाने तोडणीचा कार्यक्रम ठरतो. चिटबॉयच्या, म्हणजे शिवारात नोंदी घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, वहीत एक तारीख आणि शेतकी विभागाच्या दप्तरात दुसरी असेल, तर तोडीची पाळी लांबते आणि तुरा आलेला ऊस फडात वजनाने घटत राहतो. म्हणूनच कागदी दप्तराच्या काळी रुजवात घालण्याची एक रीत होती : दोन माणसांनी समोरासमोर बसावे, एकाने नोंद मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने आपल्या वहीत खूण करावी, आणि जेथे फरक पडेल तेथे दोघांनीही थांबावे.

आज हे काम पुष्कळ ठिकाणी संगणकावर फायलींचे समक्रमण करणाऱ्या साधनांकडे आले आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेले आरसिंक, २०१३ साली याकोब बोर्ग यांनी आरंभिलेले सिंकथिंग, आणि ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह यांसारख्या व्यापारी सेवा ही त्यांपैकी सर्वपरिचित नावे होत. ही साधने बिघडतात त्याहून पुष्कळ अधिक वेळा त्यांच्याविषयीची आपली समजूतच चुकलेली असते. आणि साधनाने हुकूम बरहुकूम पाळला असतानाही बोल मात्र त्यालाच लागतो. उदाहरणादाखल अशी एक पतसंस्था कल्पावी की जिची मुख्य कचेरी करंजेपूल येथे आणि शाखा निंबूत येथे आहे, आणि दोन्हीकडील एक-एक फोल्डर सिंकथिंगने एकमेकांस जोडलेला आहे.

सर्वांत रुजलेला आणि सर्वांत घातक गैरसमज असा की, एक फाइल दोन यंत्रांवर असली म्हणजे तिची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, आपोआप सिद्ध झाली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. समक्रमण करणारे साधन दोन ठिकाणांमध्ये एकमत राखते. ते एकमत शहाणपणाचे आहे की प्रमादाचे, याची चौकशी करण्याचे काम त्याला कोणी दिलेलेच नसते. निंबूतच्या शाखेत कोणी कर्जखात्यांची यादी चुकून पुसली, तर करंजेपुलावरची यादीही काही क्षणांत पुसली जाईल, आणि खंडणीखोर विषाणूने एका ठिकाणच्या फायली कुलूपबंद केल्या तर दुसरीकडेही त्या कुलूपबंद अवस्थेतच जाऊन पोहोचतील. सिंकथिंगच्या माहितीपत्रात, हे साधन राखीव प्रतीसाठी उत्तम आहे काय, या प्रश्नाला सरळ नकारार्थी उत्तर दिलेले आहे आणि कारणही हेच सांगितले आहे. जुन्या आवृत्त्या जपण्याची एक सोय त्यात आहे खरी, परंतु ती मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. आणि चालू केल्यावरही तिचा एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलामुळे जी फाइल बदलते किंवा नाहीशी होते, तिचीच जुनी प्रत जपली जाते. ज्या यंत्रावर माणसाने स्वतः फाइल पुसली, त्या यंत्रावर काहीही उरत नाही. तात्पर्य, निंबूतला झालेली चूक निस्तरायची तर जुनी प्रत करंजेपुलाच्या यंत्रावर शोधली पाहिजे, आणि ही सोयही दोन्हीकडे स्वतंत्रपणे चालू केलेली असली पाहिजे. एवढे करूनही निराळ्या डिस्कवर, समक्रमणाच्या कक्षेबाहेर, ठरलेल्या दिवशी घेतलेली प्रत हवीच.

आरसिंकच्या बाबतीत याच्या बरोबर विरुद्ध समजूत आढळते : ते आपण होऊन दोन्ही बाजू सारख्या करते, असे मानले जाते. आरसिंक एकाच दिशेने चालते, आणि उगमस्थानी पुसलेली फाइल गंतव्यस्थानीही पुसावी असा 'डिलीट' हा पर्याय स्पष्टपणे दिल्यावाचून ते तिकडे काहीही पुसत नाही. मात्र तो पर्याय दिल्यावर एका तिरप्या रेघेने अनर्थ होऊ शकतो. उगमाच्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरपी रेघ नसेल तर तो फोल्डर जसाच्या तसा गंतव्यात ठेवला जातो. रेघ असेल तर फोल्डर नव्हे, त्यातील मजकूर तेवढा गंतव्यात ओतला जातो, आणि तेथे आधीपासून असलेले, परंतु उगमात नसलेले, सर्व काही पुसले जाते. हा नियम आरसिंकच्या हस्तपुस्तिकेत उघडपणे लिहिलेला आहे. त्याच हस्तपुस्तिकेत 'ड्राय-रन' नावाची तजवीजही आहे. तिच्यायोगे आरसिंक प्रत्यक्षात काहीही न बदलता, आपण काय काय करणार होतो याची यादी सादर करते. 'डिलीट' असलेली कोणतीही आज्ञा या तजविजीवाचून प्रथमच चालवणे मला अक्षम्य वाटते.

दोन माणसांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर साधन दोघांचे बदल एकत्र करील, अशी भाबडी आशाही पुष्कळांना असते. सिंकथिंग तसे करीत नाही. दोन्ही यंत्रांवर स्वतंत्र बदल झाल्याचे आढळले म्हणजे ज्या प्रतीची बदलाची वेळ अलीकडची ती मूळ नावाने राहते, आणि जिची वेळ अगोदरची तिच्या नावाला 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' हे शब्द, तारीख, वेळ आणि यंत्राच्या ओळखीची सात अक्षरे जोडून तीही शेजारीच ठेवली जाते. काहीही हरवत नाही. परंतु हे लांबलचक नाव पाहून कारकुनाला तो केरकचरा वाटतो आणि तो ती फाइल पुसून टाकतो. ही फाइल म्हणजे रुजवातीत सापडलेला फरक होय, आणि तिचा निवाडा माणसानेच दोन्ही प्रती उघडून करावयाचा असतो. येथे घड्याळाचाही संबंध येतो. ज्या जुन्या संगणकाच्या आतील छोटी बॅटरी संपली आहे, त्याचे घड्याळ वीज गेली की मागे पडते. ज्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतात, त्यावर एक प्रणाली यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ मानते आणि दुसरी जागतिक वेळ, आणि साडेपाच तासांचा फरक पडतो. अशा यंत्रावर दुपारी केलेली दुरुस्ती सकाळची ठरते व मूळ नावाचा मान जुन्या मजकुराला मिळतो.

मराठी नावांच्या फायली समक्रमणात घोटाळा करतात, म्हणून नावे इंग्रजीतच द्यावीत, हा उपदेश मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो मला मनापासून खटकतो. देवनागरी लिपीला या साधनांची काहीही आडकाठी नाही. अडचण दोन ठिकाणी येते. ती समजून घेतल्यास आपल्या भाषेवर पाणी सोडण्याचे कारण उरत नाही.

पहिली अडचण 'ऱ' या अक्षराची. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव आपल्या नजरेला एकच दिसते, पण युनिकोडमध्ये ते निरनिराळ्या प्रकारे लिहिता येते. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. तेच अक्षर साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांतही मांडता येते, आणि ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल-व्यवस्थेत नावे अशीच सुटी करून ठेवली जात. या दोन रूपांना युनिकोडने समान मानले आहे, त्यामुळे सिंकथिंग ती आपण होऊन जुळवून घेते व आरसिंकला 'आयकॉन्व्ह' या पर्यायाने तसे सांगता येते. परंतु तिसरी एक रीत आहे : साधा 'र', हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर उमटणारा आकार तोच, मात्र युनिकोडच्या दृष्टीने हे लेखन वेगळे. करंजेपुलावर एका रीतीने आणि निंबूतला दुसऱ्या रीतीने नाव टंकले गेले, तर फोल्डरमध्ये एकाच नावाच्या भासणाऱ्या दोन याद्या शेजारीशेजारी नांदू लागतात, साधन कोणतीही तक्रार करीत नाही, आणि महिनाभर दोन कारकून दोन वेगळ्या याद्यांत प्रामाणिकपणे भर घालीत राहतात. उपाय सोपा आहे. नवी फाइल एकाच ठिकाणी निर्माण करावी, दुसऱ्या ठिकाणी ती केवळ उघडावी, आणि दोन्हीकडे कळफलक एकच ठेवावा.

दुसरी अडचण लांबीची. विंडोजवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ चिन्हांची असते, तर लिनक्सच्या ईएक्सटी-४ व्यवस्थेत ती २५५ बाइटांची असते. आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग तो काना असो, अनुस्वार असो वा हलन्त असो, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. 'शेतकऱ्यांची' हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. त्यात चिन्हे ११ आहेत आणि बाइट ३३. म्हणजे लिनक्सवर नाव सुमारे ८५ चिन्हांतच संपले पाहिजे, आणि 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' प्रतीच्या नावाला जोडली जाणारी शेपटीच ३८ बाइटांची असल्याने त्याहूनही आखूड असलेले बरे. सन, हंगाम, गट, 'अंतिम', 'अंतिम दुरुस्त' असे सारे नावातच कोंबण्याची आपली सवय येथे नडते. विंडोजवर निर्वेध नांदणारी फाइल लिनक्सवर उतरतच नाही. शिवाय विंडोजला नावात विसर्गासारखे दिसणारे इंग्रजी अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह वा तारका चालत नाहीत, ही गोष्ट लिनक्सवर काम करणाऱ्याने लक्षात ठेवावी.

पडद्यावर 'अप टु डेट' असे हिरवे अक्षर उमटले की सर्व काही पोहोचले, हीही समजूत अपुरी आहे. ज्या फायली वगळावयाच्या त्यांची यादी सिंकथिंग 'डॉट एसटीइग्नोर' नावाच्या फाइलमध्ये ठेवते, आणि ही यादी स्वतः मात्र दुसऱ्या यंत्रावर जात नाही. एकीकडे वगळलेली फाइल दुसरीकडे वगळलेली नसू शकते. यादीतील पहिला लागू पडणारा नियमच अमलात येत असल्याने नियमांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. फोल्डरचा प्रकार 'केवळ ग्रहण' असा ठेवलेला असेल तर तेथे केलेल्या दुरुस्त्या बाहेर जातच नाहीत. आणि सिंकथिंगच्या मध्यस्थानी कोणतेही गोदाम नसल्यामुळे दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असल्याखेरीज काहीही इकडून तिकडे जात नाही. निंबूतची शाखा दुपारी बंद होत असेल आणि करंजेपुलावर नेमकी सकाळी वीज नसेल, तर आठवडा लोटला तरी दोन्ही दप्तरे एकमेकांना भेटणार नाहीत. अशा ठिकाणी सतत चालू राहणारे तिसरे यंत्र ठेवणे हाच मार्ग.

'डॉट एसटीफोल्डर' ही खूण सापडत नाही, असा संदेश देऊन साधन अडून बसले म्हणजे लोक चिडून ती खूण हाताने निर्माण करतात. असे कदापि करू नये. बाहेरची डिस्क जोडायची राहिली असता रिकामा फोल्डर पाहून साधनाने सर्व फायली पुसल्या गेल्या असे समजू नये, आणि ते पुसणे दुसरीकडेही पोहोचवू नये, एवढ्याचसाठी ती खूण योजलेली आहे. अगोदर डिस्क जागेवर आहे की नाही हे पाहावे.

आपला मजकूर परक्याच्या यंत्रात वाचला जातो, ही भीती सिंकथिंगपुरती निराधार आहे. थेट जोडणी न जमल्यास मध्ये रिले, म्हणजे मध्यस्थ यंत्र, लागते, तरी मजकूर दोन टोकांमध्ये गुप्तलिपीतच असतो. आणि एकाच जाळ्यातील दोन यंत्रे तर इंटरनेटवाचूनही एकमेकांस शोधतात.

मात्र एका बाबतीत सावधगिरी कितीही बाळगली तरी थोडीच : टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीचे चालू दप्तर समक्रमणाच्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये. असे दप्तर परस्परावलंबी अनेक फायलींचे बनलेले असते, आणि त्यांतील काही नव्या व काही जुन्या अशी सरमिसळ दुसऱ्या यंत्रावर पोहोचली तर प्रत्येक फाइल सुटी पाहता निर्दोष असूनही कीर्द आणि खतावणी यांचा मेळ तुटतो. प्रणाली बंद करून तिची रीतसर राखीव प्रत काढावी आणि ती प्रत तेवढी समक्रमणात घालावी.

राहता राहिली हस्तपुस्तिका. ती तज्ज्ञांसाठीच असते, असा समज आहे. वास्तविक वर सांगितलेल्यापैकी बहुतेक गोष्टी ती वाचणाऱ्या सामान्य माणसाला तेथेच सापडतात. परंतु आपल्या कचेरीत कोणता फोल्डर कोणत्या प्रकाराने जोडला, काय वगळले आणि का वगळले, हे कोणत्याही हस्तपुस्तिकेत असणे शक्य नाही. ज्याने मांडणी केली तो मुलगा पुण्याला नोकरीस लागला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. म्हणून एक पानभर मजकूर मराठीत लिहून ठेवावा : दोन्ही यंत्रांची नावे व ओळखक्रमांक, फोल्डरांचे मार्ग व प्रकार, वगळणुकीचे नियम कारणांसह, जुन्या आवृत्त्या कोठे व किती दिवस राहतात, राखीव प्रत कोणत्या वारी आणि कोणाकडे, आणि तीतून एखादी फाइल परत काढून पाहिल्याची शेवटची तारीख. मांडणीत बदल करणाऱ्याने त्याच पानावर तारखेनिशी सही करावी. हे पान समक्रमणाच्या फोल्डरमध्ये अवश्य असावे, परंतु त्याची छापील प्रत दोन्ही कचेऱ्यांत संगणकाशेजारी लावलेली असावी, म्हणजे ज्या सकाळी यंत्र सुरूच होणार नाही त्या सकाळीही ती वाचता येईल.