उत्पन्न एका दिवसात घसरतं, पगार घसरत नाहीत: रेलिगेशनचा हिशेब कसा वाचायचा

७ मे २०१७ रोजी ब्लॅकबर्न रोव्हर्सने ब्रेंटफर्डला त्यांच्याच मैदानावर ३-१ असं हरवलं. तरीही त्या संध्याकाळी क्लब इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या स्तरात, म्हणजे लीग वनमध्ये घसरला. नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न, दोघांचे गुण ५१. फॉरेस्टचा गोलफरक उणे १०, ब्लॅकबर्नचा उणे १२. फक्त दोन गोलांमुळे एक क्लब राहिला आणि दुसरा गेला. १९९५ साली प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब नोव्हेंबर २०१० पासून आपल्या पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीचा आहे, त्यामुळे ही बातमी तेव्हा मराठी पेपरांतही आली होती.

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात की "चांगला प्रश्न" ओळखायचा कसा. आज हेच उदाहरण घेऊ. प्रश्न साधा आहे: क्लब खालच्या लीगमध्ये गेला की खेळाडूंचे पगार कोण भरतं, आणि कशातून?

आधी गणित समजून घेऊ

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन क्लब दरवर्षी चॅम्पियनशिपमध्ये जातात. नाव चॅम्पियनशिप असलं तरी तो दुसरा स्तर आहे. अलीकडच्या हंगामांत प्रीमियर लीगच्या तळाच्या क्लबलाही लीगकडून सुमारे १० कोटी पौंड मिळतात. चॅम्पियनशिपमधल्या साध्या क्लबला टीव्ही आणि मदतनिधी धरून त्याच्या साधारण दहावा हिस्सा मिळतो. म्हणजे उत्पन्नाचा मोठा भाग एका दुपारी नाहीसा होतो. खेळाडूंचे करार मात्र तीन-चार वर्षांचे असतात आणि ते लीग बदलली म्हणून आपोआप संपत नाहीत.

सगळी गोची इथेच आहे. उत्पन्नाची मुदत एक वर्ष, खर्चाची मुदत तीन-चार वर्षं. या विषयावर जे काही वाचाल, ते या दोन मुदतींमधली फट कशी बुजवायची याबद्दलच असतं, असं समजून वाचा. मग गोंधळ होत नाही.

एक काल्पनिक क्लब घ्या. उत्पन्न १००, पगार ६५. वेतन आणि उत्पन्नाचं गुणोत्तर ६५ टक्के. क्लब घसरला, उत्पन्न ५० झालं, पगार ६५ च राहिले. गुणोत्तर १३० टक्के! बातमीत येणार, "क्लबची पगारावर बेफाम उधळपट्टी". प्रत्यक्षात कोणाचाही पगार एक पौंडानेही वाढलेला नाही, फक्त छेद बदललाय. गुणोत्तर दिसलं की आधी अंश हलला की छेद हलला, हे तपासायचं. आपल्याला शाळेत शिकवलेली गोष्ट आहे, पण छापून आलेल्या लेखांतही ही चूक दिसते.

फट बुजवायचे चार मार्ग

पहिला मार्ग, करारातलं कलम. क्लब घसरला तर पगार ठरलेल्या टक्क्यांनी कमी होईल, असं आधीच लिहून घ्यायचं. वरच्या उदाहरणात सगळ्यांच्या करारात ४० टक्के कपातीचं कलम असतं, तर पगार ६५ चे ३९ झाले असते आणि गुणोत्तर ७८ टक्क्यांवर थांबलं असतं. मग सगळे क्लब हे का करत नाहीत? कारण कलम फुकट मिळत नाही. चांगला खेळाडू म्हणतो, कपात हवी तर वरच्या लीगमध्ये असताना जास्त पगार द्या, किंवा घसरलो तर मला स्वस्तात जाऊ द्या. सुंदरलँड २०१७ साली प्रीमियर लीगमधून घसरला, तेव्हा आठवड्याला सुमारे ७०,००० पौंड घेणाऱ्या एका खेळाडूच्या करारात अशी कपात नव्हती, असं ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापलं होतं. पुढच्याच वर्षी सुंदरलँड पुन्हा घसरून लीग वनमध्ये गेला.

दुसरा मार्ग, पॅराशूट पेमेंट. घसरलेल्या क्लबला प्रीमियर लीग काही वर्षं पैसे देत राहते. सध्याच्या पद्धतीत, प्रक्षेपणाच्या पैशातला जो समान वाटा प्रत्येक क्लबला मिळतो त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी मिळतात. एकच हंगाम वर राहिलेल्या क्लबला दोनच वर्षं. २०१२ साली ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून घसरला तेव्हा ही मुदत चार वर्षांची होती.

तिसरा मार्ग, खेळाडू विकणं. इथे हिशेबाची एक गंमत आहे. २ कोटी पौंडांना, चार वर्षांच्या करारावर खेळाडू घेतला, तर वहीत दरवर्षी ५० लाख खर्च पडतो. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत १ कोटी उरते. घसरल्यावर तो ८० लाखांना विकला, तर हातात ८० लाख येतात पण वहीत २० लाखांचा तोटा दिसतो. याउलट क्लबच्या अकादमीत वाढलेल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असते. तो विकला की जवळजवळ सगळी रक्कम नफा. म्हणून छोटे क्लब अडचणीत आले की आधी घरचा मुलगा विकतात. चाहत्यांना याचाच सगळ्यात जास्त राग येतो, पण वहीच्या दृष्टीने तोच सौदा सगळ्यात चांगला दिसतो.

चौथा मार्ग, मालकाचा खिसा. हंगेरियन अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी राजवटीतल्या सरकारी कारखान्यांबद्दल "सॉफ्ट बजेट कन्स्ट्रेंट" ही कल्पना मांडली. तोटा झाला तरी कोणीतरी भरून देणारच, हे माहीत असलेला व्यवस्थापक काटकसर करत नाही. फुटबॉलचे अभ्यासक हीच कल्पना क्लबांना लावतात. चॅम्पियनशिपमध्ये अनेक हंगाम सगळ्या क्लबांचा मिळून पगारखर्च एकूण उत्पन्नाच्या १०० टक्क्यांच्या वर गेला, ते यामुळेच शक्य झालं.

ब्लॅकबर्नचा प्रवास

आता हे चार मार्ग एका क्लबवर ठेवून बघू. २०१२ साली घसरण झाली, आणि क्लबने काटकसर करण्याऐवजी हडर्सफील्डकडून जॉर्डन रोड्स हा स्ट्रायकर सुमारे ८० लाख पौंडांना घेतला. लगेच वर जायचं, हा जुगार होता. पॅराशूटचे पैसे चालू असेपर्यंत तो परवडतो. वर जाणं काही जमलं नाही. त्याच हंगामात हेनिंग बर्ग या प्रशिक्षकाला ५७ दिवसांत काढलं आणि उर्वरित कराराचे २२.५ लाख पौंड कोर्टाच्या आदेशाने द्यावे लागले. करार मोडला तरी पैसे वाचत नाहीत, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

डिसेंबर २०१४ मध्ये तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून क्लबच्या खेळाडूखरेदीवर निर्बंध आले. २०१६ च्या सुरुवातीला रोड्स विकला गेला. त्याच हंगामाबरोबर पॅराशूटची चार वर्षंही संपली. २०१६ च्या उन्हाळ्यात शेन डफी आणि ग्रँट हॅनली हे दोन्ही सेंटर बॅक विकले. आणि पॅराशूट नसलेल्या पहिल्याच हंगामात क्लब दोन गोलांच्या फरकाने घसरला.

"म्हणजे पॅराशूट संपलं म्हणून क्लब घसरला!" असं वाटतंय ना? वाटणं साहजिक आहे. पण हे अजून फक्त गृहीतक आहे. आपल्याकडे एक क्लब आहे आणि एक घटनाक्रम. पॅराशूट संपलं, बचावपटू विकले गेले, गोल जास्त बसले, ही साखळी पटण्यासारखी आहे. पण प्रशिक्षकांची अदलाबदल आणि खरेदीवरचे निर्बंधही त्याच काळातले आहेत. यातलं एक काढून टाकलं असतं तर काय झालं असतं, हे एका क्लबवरून कळत नाही.

मग कळणार कसं?

इथे एक पद्धत कामाला येते, रिग्रेशन डिसकंटिन्युइटी. कल्पना अशी: रेषेच्या जेमतेम वर राहिलेले आणि जेमतेम खाली गेलेले क्लब एकमेकांसारखेच असतात, फरक नशिबाचा. म्हणून पुढच्या वर्षांतला त्यांच्यातला फरक हा रेलिगेशनचा परिणाम मानता येतो. २०१७ ची फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न ही जोडी तर पुस्तकात छापावी अशी आहे.

पण सावध राहा. हंगाम संपल्यावर काही दिवसांतच, मे २०१७ मध्येच, फॉरेस्टची मालकी बदलली आणि ग्रीक उद्योगपती इव्हांगेलोस मारिनाकिस आले. फॉरेस्ट २०२२ साली प्रीमियर लीगमध्ये पोचला. यातलं किती श्रेय "न घसरण्याला" द्यायचं आणि किती नव्या मालकाच्या पैशाला? पुढे २०२४ साली तीन वर्षांच्या तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल फॉरेस्टचे ४ गुण कापले गेले. मर्यादा होती ६.१ कोटी पौंड: चॅम्पियनशिपच्या दोन वर्षांचे प्रत्येकी १.३ कोटी आणि प्रीमियर लीगच्या एका वर्षाचे ३.५ कोटी. म्हणजे पैसा भरपूर ओतला गेला होता, हे उघड आहे. एका जोडीवर निष्कर्ष काढायचा नाही, अशा शंभर जोड्या हव्यात, हा धडा इथून घ्यायचा.

ब्लॅकबर्नची बाजूही सरळ नाही. लीग वनमध्ये तेव्हा खेळाडूंचे पगार उलाढालीच्या ६० टक्क्यांपर्यंतच ठेवायचा नियम होता, पण मालकाने भांडवल किंवा देणगी म्हणून घातलेला पैसाही त्यात जमेस धरता यायचा. पुण्याहून पैसा येत राहिला, क्लब ९६ गुण मिळवून एका वर्षात वर आला. चौथा मार्ग उघडा असला की घसरण इतकी लागत नाही.

तो मार्गही अडू शकतो. ईडीच्या एका चौकशीमुळे २०२३ पासून व्यंकीजला ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. (चौकशी म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, हे लक्षात ठेवू.) संशोधकाच्या नजरेतून बघा: मालकाचा पैसा आटला, आणि त्याचं कारण क्लबच्या खेळाशी अजिबात जोडलेलं नाही. असा बाहेरून आलेला धक्का अभ्यासाला फार मोलाचा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लबने अ‍ॅडम व्हॉर्टन या अकादमीत वाढलेल्या मुलाला सुमारे १.८ कोटी पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकलं. तिसरा मार्ग, घरचा मुलगा. त्या हंगामात क्लब १९ वा आला, जेमतेम वाचला. पुढच्या हंगामात मात्र ७ वा आला! पैसा आटला की घसरण नक्की, असं मानून बसला असाल तर हा आकडा टोचायला हवा.

आकड्यांत न दिसणारी माणसं

इंग्लिश फुटबॉलमध्ये एक नियम आहे: क्लब दिवाळखोरीत गेला तर खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी आधी पूर्ण फेडायची. पोर्ट्समथने २००८ साली एफए कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेलेला तो प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला. देणेकऱ्यांच्या यादीत प्रथमोपचार देणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थासुद्धा होती. ब्रिटनच्या कर खात्याने या नियमाला कोर्टात आव्हान दिलं आणि २०१२ साली ते हरलं. त्यामुळे "क्लब कसा सावरला" या प्रश्नाशेजारी "कोणाचे पैसे बुडवून सावरला" हाही प्रश्न लिहून ठेवा. ताळेबंदातला वेतनाचा आकडा सगळ्यांचा मिळून एकच असतो. स्ट्रायकर, मैदान राखणारा माळी आणि तिकीट खिडकीवरची बाई, सगळे त्यात. करारामुळे स्ट्रायकर सुरक्षित असतो, नोकरकपात बाकीच्यांची होते, आणि तो एकत्र आकडा हे सांगत नाही.

करून बघा

ब्रिटनमधल्या कंपन्यांचे ताळेबंद कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पैसे किंवा कोणाची ओळख, काहीच लागत नाही. घसरलेला एक क्लब निवडा. घसरणीच्या आधीची दोन आणि नंतरची तीन, अशी पाच वर्षं घ्या. चार आकडे काढा: उत्पन्न, एकूण वेतन, खेळाडू विक्रीतला नफा, मालकाकडून आलेला पैसा. दोन गोष्टी सांभाळा. आर्थिक वर्ष बहुतेक ठिकाणी जूनअखेर संपतं, त्यामुळे ते हंगामाशी जुळतं का ते बघा. आणि क्लब वर गेला त्या वर्षी बोनसमुळे वेतन फुगलेलं असतं, ते "नेहमीचं" समजू नका.

करारातली कलमं तुम्हाला दिसणार नाहीत. पण उत्पन्न घसरलेल्या पहिल्याच वर्षी वेतन किती उतरलं आणि त्या वर्षी किती खेळाडू विकले गेले, हे शेजारी ठेवलंत तर कलम होतं की नव्हतं याचा अंदाज बांधता येतो. अंदाज चुकू शकतो. तो कसा चुकू शकेल हे अर्ध्या पानात लिहा. प्रबंधाच्या मुलाखतीत तुम्हाला त्याबद्दलच विचारतील.