डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात नाश्ता कुठे करायचा? प्रश्न पैशांचा कमी, सकाळच्या पहिल्या तासाचा जास्त!

हॉटेलात उतरलं की सकाळी आवरून नाश्त्याच्या हॉलमध्ये जायचं आणि पोहे, इडली, ऑम्लेट असं सगळं थोडं थोडं प्लेटमध्ये घ्यायचं. महाबळेश्वर असो की गोवा, आपल्या सुट्टीतली सकाळ बहुतेक वेळा अशीच सुरू होते. बुकिंग करतानाच आपण विचारून घेतो, "ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे ना?"

हाच हिशोब डोक्यात ठेवून एखादं मराठी कुटुंब अमेरिकेत, फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पोहोचतं आणि पहिल्याच सकाळी सगळी गडबड होते.

डिस्नेच्या हॉटेलांत खोलीच्या भाड्यात सहसा नाश्ता धरलेला नसतो. बाहेर पडून कोपऱ्यावर काहीतरी खाऊ म्हटलं, तर तिथे कोपराच नसतो. आणि हॉटेलातच निवांत बसून खाल्लं, तर पार्कमध्ये पोहोचेपर्यंत मोठ्या राइड्ससमोर भल्यामोठ्या रांगा लागलेल्या असतात.

मग करायचं काय? ते समजून घेण्याआधी ही जागा अशी का आहे, ते बघूया.

गेटबाहेर एकही टपरी का नाही?

वॉल्ट डिस्नेने पहिलं डिस्नेलँड १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये उघडलं. जागा होती जेमतेम १६० एकर. हॉटेल बांधायला पैसे उरले नव्हते, म्हणून ते काम जॅक राथर नावाच्या दुसऱ्या उद्योजकाने केलं. पार्क तुफान चाललं आणि बघता बघता भोवती मोटेल्स आणि खाणावळींची गर्दी झाली. लोक यायचे डिस्नेसाठी, पण राहायचे आणि खायचे दुसऱ्याकडे!

फ्लोरिडात डिस्नेने ही चूक टाळली. तिथे हजारो एकर जमीन आधीच घेऊन ठेवली. १ ऑक्टोबर १९७१ ला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं, तेव्हा पार्कसोबत कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलंही सुरू झाली. आज हा सगळा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात चार मोठे थीम पार्क आणि वीसहून जास्त हॉटेलं आहेत.

म्हणजे आत राहणारा माणूस बहुतेक वेळा आतच खातो. गाडी नसेल, तर सकाळी बाहेर जाऊन खाऊन येणं जवळजवळ अशक्यच.

नाश्त्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे कॅरेक्टर ब्रेकफास्ट. तुम्ही खात असता आणि मिकी, गूफी टेबलापाशी येऊन फोटो काढून देतात. कंटेम्पररी हॉटेलातलं 'शेफ मिकीज' हे यातलं सर्वांत गाजलेलं ठिकाण. इथे एका मोठ्या माणसाचा दर ५० डॉलरच्या पुढे जातो. तीन वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत. बुकिंग ६० दिवस आधी सुरू होतं आणि आयत्या वेळी जागा मिळणं कठीण असतं.

दुसरा मार्ग साध्या रेस्टॉरंटचा. वेटर ऑर्डर घेतो, आपण बसून खातो, शेवटी बिलावर १८ ते २० टक्के टिप द्यायची.

तिसरा मार्ग काउंटरचा. तिथे त्याला 'क्विक सर्व्हिस' म्हणतात. पॉप सेंच्युरी किंवा ऑल-स्टारसारख्या स्वस्तातल्या हॉटेलांत मोठा फूड कोर्ट असतो. ऑर्डर द्या, ट्रे उचला, जागा शोधा, खा आणि निघा. एका प्लेटला साधारण १० ते १५ डॉलर लागतात, मुलांची प्लेट त्याहून स्वस्त. सक्तीची टिप नाही.

दोन मोठे आणि दोन मुलं असं कुटुंब धरलं, तर काउंटरवर ४०-५० डॉलरमध्ये भागतं. कॅरेक्टर ब्रेकफास्टला टॅक्स आणि टिप धरून हाच आकडा २०० डॉलरच्या आसपास जातो. एक लक्षात ठेवा. अमेरिकेत मेन्यूवरच्या किमतीत टॅक्स नसतो, तो बिलात वर लागतो.

पण खरा खर्च वेगळाच आहे

पार्कचं एका दिवसाचं तिकीट माणशी १०० डॉलरच्या पुढे आहे. एवढे पैसे मोजल्यावर दिवसातला सर्वांत मोलाचा वेळ कोणता? तर पार्क उघडतानाचा!

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चारही पार्कमध्ये रोज ३० मिनिटं आधी प्रवेश मिळतो. त्या अर्ध्या तासात आणि त्यानंतरच्या तासाभरात रांगा सर्वांत लहान असतात. मॅजिक किंगडममधली सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन किंवा हॉलिवूड स्टुडिओजमधली स्लिंकी डॉग डॅश, यांच्यासमोर दुपारी तासभर उभं राहावं लागणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून अनुभवी लोक गेट उघडायच्या आधीच हजर असतात. याला 'रोप ड्रॉप' म्हणतात, कारण ठरल्या वेळी गर्दीसमोरचा दोर खाली सोडला जायचा.

आता हिशोब करा. साडेआठला प्रवेश आहे आणि आपण आठला टेबलावर बसून ऑर्डर देतोय. खाऊन, बिल देऊन, बस पकडून पोहोचेपर्यंत दहा वाजतात. हॉटेलसाठी जास्त पैसे मोजून मिळालेली ती तीस मिनिटं नाश्त्याच्या टेबलावरच संपली. काउंटरवरचा नाश्ता स्वस्त आहे हे खरं, पण त्याचा मोठा फायदा म्हणजे तो सकाळ वाचवतो.

रांगेत उभं न राहता नाश्ता कसा घ्यायचा?

फूड कोर्टमध्येही सकाळी रांग असतेच. ती टाळायला 'माय डिस्ने एक्सपिरियन्स' हे अ‍ॅप वापरायचं. खोलीत मुलांचं आवरणं चालू असतानाच मेन्यूतून पदार्थ निवडायचे, वेळ निवडायची, कार्डाने पैसे भरायचे. खाली पोहोचलो की अ‍ॅपमध्ये 'आम्ही आलोय' असं कळवणारं बटण दाबायचं. त्यानंतर ऑर्डर तयार होते आणि कोणत्या खिडकीवरून घ्यायची, ते फोनवर येतं.

घरातल्या एकाने पुढे जाऊन ट्रे आणायचा आणि बाकीच्यांनी थेट टेबलावर यायचं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

प्लेटमध्ये काय येतं? शाकाहारी असाल तर हे वाचाच

काउंटरवरची नेहमीची प्लेट म्हणजे अंड्याची भुर्जी, बटाटे, बेकन किंवा सॉसेज आणि सोबत बिस्किट. बेकन आणि सॉसेज बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचं असतं. 'बिस्किट' वाचून चहात बुडवायचं बिस्किट डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेतलं बिस्किट म्हणजे मऊ, खारट, पदर सुटणारा छोटा पाव. त्यावर जी पांढरी ग्रेव्ही घालतात, तिच्यात बहुधा सॉसेज असतं. त्यामुळे 'बिस्किट अँड ग्रेव्ही' दिसायला शाकाहारी वाटलं, तरी ते नसतं.

मुलांचं आवडतं म्हणजे मिकीच्या तोंडाच्या आकाराचं वॉफल. यात मांस नसतं, पण अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी ओटमील, फळं, बटाटे यांच्याकडे वळावं. मेन्यूत हिरव्या पानाचं चिन्ह दिसलं, तर त्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध यातलं काहीच नाही असा अर्थ. ही खूण डिस्नेने २०१९ मध्ये सुरू केली. शंका असेल तर काउंटरवर विचारा. अ‍ॅलर्जी किंवा पथ्य सांगितलं की तिथले लोक ते गांभीर्याने घेतात.

चहाबाबत मात्र अपेक्षा ठेवू नका. गरम पाणी आणि टी-बॅग मिळते. आल्याचा उकळलेला चहा विसरा!

खर्च आणखी कमी करायचा असेल तर...

पार्कमध्ये बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे. काचेचं भांडं नको आणि गरम करावं लागेल असं काही नको, एवढं पाळायचं. म्हणजे केळी, सँडविच किंवा घरचा खाकरा बॅगेत टाकून बसमध्ये बसलात तरी चालतं. भारतातून खाऊ नेणार असाल, तर अमेरिकेत उतरल्यावर तो कस्टम्सला सांगावा लागतो.

काउंटरवर मुलांची प्लेट मोठ्यांनी घेतली तरी सहसा कोणी अडवत नाही. आजी-आजोबांना ती पुरते. पार्कमधल्या शीतपेय मिळणाऱ्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, त्यामुळे बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

हॉटेलात पुन्हा पुन्हा भरता येणारा मगही विकत मिळतो. त्याची किंमत २० डॉलरच्या वर आहे. मुक्काम असेपर्यंत डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात त्यात कॉफी किंवा कोल्ड्रिंक भरता येतं, पण पार्कमध्ये तो चालत नाही. दिवसभर पार्कमध्येच राहणार असाल, तर या मगाचे पैसे वसूल होणं कठीण.

मग निवांत नाश्ता कधीच करायचा नाही का?

जरूर करायचा. पण ज्या दिवशी पार्कचं तिकीट नाही, त्या दिवशी. चार-पाच दिवसांच्या सहलीत एक दिवस पाय मोकळे ठेवावेच लागतात. त्या सकाळी उशिरा उठा. पॉलिनेशियन हॉटेलात टोंगा टोस्ट मिळतो. जाड पावात केळं भरून तो तळतात आणि दालचिनी-साखरेत घोळवतात. पोर्ट ऑर्लीन्स फ्रेंच क्वार्टरमध्ये मिकीच्या आकाराचे, पिठीसाखर भुरभुरलेले बेन्ये मिळतात. ही न्यू ऑर्लीन्स शहराची खासियत. दोन्ही ठिकाणी पार्कचं तिकीट लागत नाही.

आणि मुलांना मिकीसोबतच नाश्ता करायचा असेल, तर तोही याच दिवशी ठेवा. तेव्हा घड्याळाकडे बघायची गरज नसते आणि मोजलेल्या डॉलरचा पुरेपूर आनंद मिळतो.

थोडक्यात, पार्कच्या दिवशी नाश्ता पटकन आणि सुट्टीच्या दिवशी नाश्ता निवांत. तुमचं कोणी फ्लोरिडाला जाणार असेल, तर बॅगा भरण्याआधी त्यांना एवढं नक्की सांगा!