प्राणहितेच्या दोन्ही काठांवरचं सिरोंचा

सुट्टीत परमुलखात जाणाऱ्या मराठी माणसाला आता नुसती प्रेक्षणीय स्थळं पुरत नाहीत. तिथली माणसं कशी जगतात, काय खातात, कशाची काळजी करतात, हेही त्याला बघायचं असतं. ही ओढ चांगली आहे आणि तिची टर उडवण्याचं काही कारण नाही. अडतं ते पुढे. मोठा रस्ता सोडून गल्लीत शिरलं, टपरीवर चहा घेतला, कुणाच्या ओसरीवर फोटो काढला, की तिथलं जीवन कळलं असं आपण धरून चालतो. माझ्या मते परक्या गावाचं जगणं असं कोपऱ्यात दडून बसलेलं नसतं. ते गावाबाहेर पडणाऱ्या वाटांवर असतं. माणसं दवाखान्याला कुठे जातात, मजुरीला कुठे जातात, लेकी कुठे देतात, नवस कुठे फेडतात, हे कळलं की गाव कळायला लागतं. हे पडताळण्यासाठी पासपोर्ट लागत नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं सिरोंचा पुण्या-मुंबईच्या कितीतरी वाचकांना लंडनपेक्षा परकं आहे.

सिरोंचाचा उल्लेख आला की ‘महाराष्ट्राचं शेवटचं टोक’ हे शब्द ठरलेले असतात. पण हे गाव टोकाला बसलं ते नकाशे बदलल्यामुळे. १८६० साली निजामाकडून गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांकडे आले, तेव्हा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याचं मुख्यालय होतं सिरोंचा. वऱ्हाडाचा आणि वर्धेच्या खोऱ्यातला कापूस नावांतून प्राणहिता-गोदावरीमार्गे थेट पूर्व किनाऱ्यावर नेण्याची मोठी योजना त्या काळी हाती घेतली होती. नदीतल्या खडकाळ धावांना वळसा घालण्यासाठी कालवे आणि बंधारे बांधायला घेतले. खर्च वाढत गेला, मुंबईकडे जाणारी आगगाडी कापसापर्यंत पोचली आणि १८७१ मध्ये काम सोडून दिलं गेलं. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याचा तालुका झालं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाल्यावर तालुका त्या जिल्ह्यात आला. जिथून कारभार चालायचा, त्या गावाला आता जिल्ह्याच्या कचेरीसाठी आलापल्लीच्या जंगलातून दोनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. मुख्यालय लांब गेलं, नदी मात्र दारातच राहिली.

म्हणूनच गावाचे बहुतेक व्यवहार नदीपलीकडे जातात. इथे घरात आणि बाजारात तेलुगू बोलली जाते, कचेरीत आणि शाळेत मराठी, आणि आतल्या गावांतून येणाऱ्यांच्या तोंडी माडिया-गोंडी. प्राणहितेवर पूल होण्याआधी माणसं नावेतून पलीकडे जात. त्या काळापासूनच दोन्ही काठांवर रोटीबेटीचे संबंध आहेत. दुखणं बळावलं तर गडचिरोलीपेक्षा मंचेरियाल, करीमनगर, वरंगल जवळची वाटतात. गोदावरीच्या समोरच्या काठावर कालेश्वरम आहे. तिथे एकाच पीठावर दोन लिंगं, एक कालेश्वराचं आणि एक मुक्तेश्वराचं. दर दोन वर्षांनी माघात तेलंगणातल्या मेडारमला सम्मक्का-सारक्काची जत्रा भरते, तिथे देवीला गूळ वाहायला या काठावरूनही माणसं जातात. दसऱ्याच्या आधी बतुकम्मा या तेलंगणी सणाची फुलं रचली जातात, ती आपल्या भोंडल्याच्याच दिवसांत. मराठी संस्कृतीची कडा इथे झिजली आहे, असं यावरून म्हणणं मला चुकीचं वाटतं. महाराष्ट्र, तेलंगण आणि इंद्रावतीपलीकडचं छत्तीसगड यांच्या वाटा इथे एकमेकींना मिळतात. निजामाबादहून जगदलपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्गही याच गावातून जातो. ज्याला टोक म्हणतात, तो खरं तर नाका आहे.

पोटाच्या वाटा पाहिल्या की हे आणखी स्पष्ट होतं. एप्रिल-मे महिन्यांत सगळा मुलूख तेंदूपानांच्या मागे असतो. उजाडायच्या आत पानं तोडायला जायचं, ऊन चढायच्या आत भारे घरी आणायचे, मग म्हाताऱ्या-कोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. तिथे पुडे रांगेने उन्हात वाळत घालतात, उलटतात आणि मग पोत्यांत भरतात. वनहक्क आणि पेसा कायद्यांमुळे कित्येक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतः करतात. त्याआधीचा हंगाम मिरचीचा. मिरची तोडायला जिल्ह्यातल्या बायाबापड्या टोळ्यांनी तेलंगणात उतरतात. २०२० च्या टाळेबंदीत त्या तिथेच अडकल्या आणि अनेकांनी जंगलातून पायी घर गाठलं. पोटाशी जोडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे मेडीगड्डा. गोदावरीवरचं हे ८५ दरवाज्यांचं बॅरेज २१ जून २०१९ रोजी सुरू झालं. पाणी उचललं जात होतं तेलंगणासाठी, आणि फुगवट्याची, पुराची, गेलेल्या जमिनीची तक्रार आहे सिरोंचाच्या शेतकऱ्यांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. बघण्यासारखं म्हणाल तर याच तालुक्यातल्या कोटा गावाच्या नावाने भूशास्त्रात एक खडकस्तर ओळखला जातो, आणि त्यातून निघालेल्या डायनासोरचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधमचं जीवाश्म उद्यान पर्यटकाने जरूर पाहावं. पण धरणाच्या फुगवट्याबद्दल चौकशी न करता परतलेल्या माणसाने सिरोंचा पाहिलं, असं मी म्हणणार नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: दुसऱ्याचं जगणं हा तमाशा आहे का? या मुलखाला त्याचा कटू अनुभव आहे. वेरियर एल्विन यांचं बस्तरमधल्या मुरिया आदिवासींच्या घोटुलावरचं, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामूहिक घरावरचं, पुस्तक १९४७ साली आलं. त्यामागे बरीच वर्षं तिथे राहून केलेला अभ्यास होता. पुढे मात्र बाहेरच्यांच्या डोक्यात त्यातलं कुतूहल तेवढं उरलं आणि घोटुल हा डोकावण्याचा विषय झाला. अंदमानात तर जारवा आदिवासींना गाडीतून ‘बघायला’ जाण्यापर्यंत मजल गेली आणि २०१२ मध्ये त्यावर देशभर संताप उसळला. म्हणूनच मी घरात शिरण्याबद्दल न बोलता वाटांबद्दल बोलतो आहे. बाजार, बस, घाट, जत्रा ही सगळ्यांची ठिकाणं आहेत. तिथे पाहुणा गिऱ्हाईक असतो, प्रवासी असतो, आणि समोरच्याला त्याच्याशी बोलायचं की नाही हे ठरवण्याची मोकळीक असते. कुणी म्हणेल, ठरलेल्या पर्यटनातून निदान रोजगार मिळतो. ताडोबाकडे बघा, गाइड आहेत, जिप्सीवाले आहेत, घरगुती मुक्काम आहेत. हे खरं आहे आणि त्या रोजगाराला नावं ठेवण्याचा हक्क शहरी लेखकाला नाही. पण तारू या गोंडांच्या देवावरून ज्या जंगलाला नाव मिळालं, तिथून परतणारा पाहुणा किती वाघ दिसले तेच सांगतो. पैसा पोचला, ओळख झाली नाही. दोन्ही एकत्र पोचू शकतात, एवढाच माझा आग्रह आहे.

हा प्रवास कसला, ही तर समाजशास्त्राची शिकवणी, असाही आक्षेप येईल. पण मराठीत ही रीत जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिलं. त्यांनी शाळा, घरं, स्त्रियांच्या संस्था, राज्यकारभार नीट समजून घेतला आणि आपल्या समाजापुढे ठेवला. तो देश मराठीत खरा कळला तो तशा नजरेमुळे. भाषा येत नाही, ही अडचण कुणी सांगेल. सिरोंचात निदान मराठीवर निभावतं, आणि चार वाक्यं तेलुगूची शिकून गेलं तर दुकानदाराचा चेहरा खुलतो. माओवादी हिंसेच्या भीतीने बाहेरचे लोक इथे दशकानुदशकं फिरकले नाहीत. आतल्या जंगलात जाण्याआधी स्थानिकांचा सल्ला घ्यावा हे बरोबर, पण तालुक्याचं गाव, नदीचा घाट आणि पलीकडचं देऊळ यांत घाबरण्यासारखं काही नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये प्राणहिता पुष्करासाठी, म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या नदीस्नानाच्या पर्वासाठी, भाविकांची रीघ लागली, तेव्हा राज्याला काही दिवस सिरोंचाची आठवण झाली. पुढचा पुष्कर २०३४ साली आहे. वाचकांनी तोवर थांबू नये. साध्या बाजाराच्या दिवशी जावं, मुक्काम करावा, लागेल ते तिथल्याच दुकानातून घ्यावं, आणि एकदा तरी एसटीने पूल ओलांडून पलीकडे जाऊन यावं.