आधी काय, मागून काय?

दापोलीला अजूनही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. तेथील इंग्रजांच्या छावणीत चर्चही होते. दर रविवारी एकत्र जमून प्रार्थना करण्याची ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. तिने मन स्वस्थ राहते का? अमेरिकेत सुमारे ४९,००० परिचारिकांची १९९६ ते २००८ अशी बारा वर्षे पाहणी झाली. त्यांतील बहुतेक ख्रिस्ती होत्या. सर्वांत नियमाने प्रार्थनेला जाणाऱ्यांना नैराश्य येण्याची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळली. पण थांबा! नैराश्य आलेल्यांचे प्रार्थनेला जाणेही पुढे कमी झाले होते. म्हणजे कारण आणि परिणाम एकमेकांत गुंतलेले! म्हणून नेहमी येणारा सोबती अचानक येईनासा झाला, तर रागावू नका. त्याची चौकशी करा, मोठ्यांनाही सांगा.